गोलाच्या आतली माणसं

दिवाळीला वरवंडला जाताना रंगवायचं सामान सोबत नेलं: 28 मिलिमीटरचे सैनिक, अ‍ॅक्रिलिक रंग, बारीक ब्रश. फासे आणि फूटपट्टी घेऊन टेबलावर पानिपत खेळायचंय.

या छंदात युरोपवाले सुखी. इकडे पानिपत झालं तेव्हा तिकडे सप्तवार्षिक युद्ध (1756-63) चालू होतं. प्रशियाचं पायदळ गडद निळ्या कोटात, ऑस्ट्रियाचं पांढऱ्या. एक बाटली उघडा, पन्नास जण रंगवा. आपला शिलेदार घोडा, हत्यारं, कपडे सगळं स्वतःचं घेऊन यायचा. म्हणजे प्रत्येक पागोटं वेगळं. महिनाभरात माझे अकरा स्वार झाले. (नोकरीही आहे.)

त्यातल्या त्यात रांगेत शोभतात ते इब्राहिमखानाचे गारदी. खान फ्रेंच कवायत शिकलेला, आधी निजामाकडे, मग पेशव्यांकडे. 14 जानेवारी 1761 ला त्याच्या गारद्यांनी डाव्या बगलेवर रोहिल्यांना मागे रेटलं. खान पुढे पकडला आणि मारला गेला. दिवाळीच्या बाजारात मावळे ढिगाने मिळतात, गारदी एकही नाही.

एक सैनिक म्हणजे शंभर माणसं. गारदी आठ-नऊ हजार, म्हणजे ऐंशी-नव्वद नग. एक्सेलमध्ये सगळं बसलं होतं. आज्जी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "एवढ्यांला भाकरी कोण थापतंय रं?"

माझ्या शीटमध्ये बुणगेच नव्हते. बायका, यात्रेकरू, वाणी, नोकरचाकर. लढणाऱ्यांहून न लढणारे जास्त. पानिपतात छावणी अडीच महिने कोंडली, रसद तुटली, जनावरं मेली. शेवटी भाऊसाहेबांनी गोल बांधून, बुणगे आत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. त्या दिवशीची अर्धी चाल या माणसांमुळे ठरली होती, आणि मी विकत घेतलेल्या नियमपुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

अंगणात चुलतभावाच्या पोरांनी किल्ला केला होता. हळीव उगवलेला, वर महाराज, दारात मावळे. आणि पायथ्याला नेहमीप्रमाणे गवळण, भाजीवाली, बैलगाडी. लहानपणी मीही हेच मांडायचो.

पुण्याला परतताना पोरांकडून दोन गवळणी मागून आणल्या. माझ्या गारद्यांच्या तिप्पट उंच आहेत. टेबलावर गोलाच्या मधोमध ठेवल्यात. नवा नियम लिहिलाय: प्रत्येक डावाला आधी यांचं धान्य मोजायचं, मगच फासे टाकायचे. पहिल्या चाचणीत मराठे सहाव्या डावाला उपाशी.