संस्कृती कशी पसरते? उपवासाच्या ताटातला भूगोल

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत गहू, भात आणि डाळ वर्ज्य असते. त्या दिवशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू असतो. परंपरेचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या या ताटातील वरीचे तांदूळ, दूध-दही, तूप असे मोजके पदार्थ बाजूला ठेवले, तर जे उरते ते बहुतांश अमेरिका खंडातून आलेले आहे. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोच्या परिसरातली, भुईमूग आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला. रताळे व राजगिरा यांचे मूळही तिकडचेच मानले जाते. १४९२ पूर्वी यांपैकी बटाटा, मिरची वा भुईमूग भारतातील कोणाही उपवासकर्त्याच्या ताटात असणे शक्य नव्हते.

दूरदेशीची वस्तू एखाद्या समाजात येते, रुजते आणि काही पिढ्यांत तिचे परकेपण विसरले जाते. हे कसे घडते, याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे सांस्कृतिक भूगोल.

भूमी आणि माणूस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भूगोलज्ञ फ्रीडरिश रात्झेल यांनी मानव आणि पर्यावरण यांच्या संबंधांची मांडणी केली. हवामान आणि भूरचना माणसाचे जीवन घडवितात, या विचाराला त्यानंतर काही काळ मोठे वजन होते. त्याचा अतिरेक असा झाला, की उष्ण प्रदेशातील माणसे आळशी आणि थंड प्रदेशातील उद्यमशील, अशी विधाने शास्त्राच्या नावाने केली जाऊ लागली. साम्राज्यसत्तांना ती सोयीचीही होती.

या विचाराला महत्त्वाचे उत्तर दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कार्ल सॉअर यांनी. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ही संकल्पना मांडली. निसर्ग हे साधन, संस्कृती ही कर्ती आणि डोळ्यांना दिसणारा प्रदेश हे त्यांच्या व्यवहाराचे फलित, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. कोकणातील उतारावरची भातखाचरे, लाल मातीतील आमराई, देशावरची दगडी वेस किंवा सह्याद्रीच्या कड्यावरचा किल्ला या गोष्टी या दृष्टीने केवळ निसर्ग नाहीत आणि केवळ बांधकामही नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांनी जमिनीवर उमटविलेला तो लेख आहे.

जागतिक वारसा यादीत सांस्कृतिक भूदृश्यांना १९९२ पासून स्वतंत्र स्थान मिळाले. जुलै २०२५ मध्ये याच यादीत मराठा लष्करी भूदृश्यांचा समावेश झाला. त्यातील बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, तर बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. राज्याची सीमा आणि संस्कृतीची सीमा एकच नसते, हे या एका यादीवरूनही ध्यानात येते.

प्रदेश तीन प्रकारचे

सांस्कृतिक प्रदेशांचे साधारणपणे तीन प्रकार मानले जातात. ज्या भागात एखादे लक्षण सर्वत्र आढळते तो पहिला प्रकार. एका भाषेच्या लोकांची सलग वस्ती हे त्याचे उदाहरण. १ मे १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य याच तत्त्वावर उभे राहिले आणि बेळगावचा प्रश्नही याच तत्त्वातून निर्माण झाला. एखाद्या केंद्राशी असलेल्या दैनंदिन व्यवहाराने बांधला जातो तो दुसरा प्रकार. कर्जत-कसारा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशी लोकलच्या रुळांवर जगणारी मुंबई ही त्यात मोडते. तिसरा प्रकार लोकांच्या मनात असतो. ‘तळकोकण’, ‘मावळ’, ‘घाटावर’ या शब्दांच्या हद्दी कोणत्याही सरकारी नकाशावर नेमक्या आखलेल्या नाहीत; तरीही बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्या पक्क्या ठाऊक असतात.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वारीचा अनुभव लिहिताना महाराष्ट्राची एक वेगळीच व्याख्या सुचविली. ज्या भूमीतील लोक पंढरपूरला वारीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, असा त्याचा भावार्थ. नकाशाच्या रेषेऐवजी चालणाऱ्या पावलांनी प्रदेश ठरविण्याची ही दृष्टी सांस्कृतिक भूगोलाचीच होय.

प्रसाराच्या वाटा

संस्कृतीचे एखादे अंग जेथे प्रथम जन्म घेते त्या स्थळाला उगमकेंद्र म्हणतात. तेथून ते मुख्यतः दोन रीतींनी पसरते. माणसे स्थलांतर करतात आणि आपली संस्कृती बरोबर नेतात, ही पहिली रीत. माणसे जागीच राहतात आणि कल्पना मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते, ही दुसरी.

पहिल्या रीतीची उदाहरणे मराठी माणसाला परकी नाहीत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे यांनी तंजावरला सत्ता स्थापिली आणि मराठी भाषा कावेरीच्या काठी पोहोचली. तेथील दरबारी वातावरणात मराठी कीर्तनाचा कर्नाटक संगीताशी मेळ बसला आणि तमिळ प्रदेशातील हरिकथेला नवे रूप आले. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांनी गणपती बरोबर नेला. आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली समाजाने कोकणातील मराठी तेथे जपली.

मात्र स्थलांतरात सर्व काही सारखे टिकत नाही. मॉरिशसमध्ये सण टिकला, पण बहुतेक घरांत रोजच्या बोलण्याची जागा क्रिओल भाषेने घेतली. वर्षातून एकदा पाळायच्या गोष्टी टिकविणे सोपे असते. रोज वापरायच्या गोष्टींना, विशेषतः भाषेला, शेजार आणि बाजार यांचा आधार लागतो.

दुसऱ्या रीतीत तीन उपप्रकार येतात. शेजाऱ्याचे पाहून शेजारी शिकतो तो संसर्गासारखा प्रसार. एका स्थानकाबाहेरच्या गाडीवरून दुसऱ्या स्थानकाबाहेर गेलेला वडापाव हा त्याचा ठळक नमुना. मोठ्या शहरातून लहान शहरात आणि सत्ताधाऱ्याकडून जनतेकडे जाणारा तो उतरंडीचा प्रसार. १८९३ मध्ये पुणे-मुंबईत सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्य टिळक आणि ‘केसरी’ यांच्या बळावर अन्य शहरांत आणि मग गावोगाव गेला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात साबुदाण्याच्या कंदाच्या लागवडीला दिलेले उत्तेजनही याच प्रकारातले.

तिसरा प्रकार अधिक रंजक आहे. यात मूळ वस्तू जशीच्या तशी येत नाही, तिची कल्पना तेवढी येते. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९४० मध्ये त्याचे विवेचन केले. चेरोकी समाजातील सिक्वोया यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. परंतु चिन्हांनी बोलणे कागदावर उतरविता येते, एवढे त्यांनी पाहिले आणि १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची स्वतंत्र लिपी सिद्ध केली. साबुदाण्याची कथाही अशीच आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातील ‘सागू’ नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडील आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूतील सेलम भागात अमेरिकी कंदाच्या पिठापासून तसेच मोती घडविण्याचा उद्योग वाढला. रूप आणि नाव आशियाचे, कंद अमेरिकेचा आणि खिचडी महाराष्ट्राची!

अंतर, अडथळे आणि स्वीकार

स्वीडनचे भूगोलज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात नव्या गोष्टींच्या प्रसाराला गणिताची जोड दिली. शेतीतील सुधारणा आपल्या देशातील शेतकऱ्यांनी कोणत्या क्रमाने स्वीकारल्या, याचे नकाशे त्यांनी तयार केले. प्रत्यक्ष भेटीगाठींना किती महत्त्व असते आणि अंतर वाढते तसा स्वीकार कसा मंदावतो, हे त्यातून दिसून आले. पुढे रेल्वे, दूरध्वनी आणि इंटरनेट यांनी अंतराचा हा प्रभाव कमी केला. ब्रिटिश भूगोलज्ञ डेव्हिड हार्वी यांनी १९८९ मध्ये या अनुभवाला काळ आणि अवकाश यांचा संकोच असे म्हटले.

पण अंतर हा एकमेव अडथळा नव्हे. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेही रोमन लिपीत. गोव्यापासून देश काही दिवसांच्या वाटेवर होता. तरीही देवनागरीतील मराठी मुद्रणाची सुरुवात व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले आणि तेही दूर बंगालमधील श्रीरामपूरला. मुंबईत ‘दर्पण’ निघाले १८३२ मध्ये. तंत्र शेजारी होते. परंतु ते परक्या धर्मसत्तेच्या हाती होते आणि त्याची गरज वाटेल असा मोठा वाचकवर्ग अलीकडे नव्हता. मिरची मात्र कोणाच्या परवानगीवाचून घाट चढली. मिऱ्याची जागा तिने घेतलीच, शिवाय नावही त्याच्यावरूनच घेतले. बटाटा, रताळे यांना तर कंदमुळे म्हणून उपवासाच्या चौकटीत आयती जागा मिळाली. नवी गोष्ट स्वीकारली जाते ती बहुधा जुन्या चौकटीत बसते तेव्हाच.

सर्वांत कठीण अडथळे माणसानेच उभारलेले असतात. दक्षिण अमेरिकेतील कंदाला स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला. त्याच गावातील माणसाला पाणवठ्यावर आणि देवळात मिळाला नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. इरावतीबाईंनीही वारीच्या त्याच लेखात, एका वाटेने चालणारे वारकरी जातीनुसार वेगळ्या पंगतीत जेवतात, याची खंत नोंदविली आहे. सांस्कृतिक भूदृश्य कोणी घडविले, याबरोबरच त्यात कोणाला पाऊल ठेवू दिले गेले, हाही प्रश्न म्हणूनच या ज्ञानशाखेचा भाग बनला आहे.

आपले आणि परके

जागतिकीकरणाने जग एकसारखे होईल, ही भीती नेहमी व्यक्त होते. ती सर्वस्वी निराधार नाही. मात्र बाहेरून येणारी गोष्टही बदलते. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आले ते गोमांस वगळून आणि पुढे त्यांनी बटाट्याची टिक्की पावात घातली. दुसरीकडे, पोर्तुगीज ‘अफोन्सो’ या नावावरून ओळखला जाणारा आणि गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या कलमाच्या तंत्राने वाढलेला हापूस आज कोकणाची ओळख आहे. २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परक्या नावाच्या फळाला आता कायद्याने ठरविलेले गाव आहे. बागायतदाराच्या उत्पन्नाचे रक्षण म्हणून ते योग्यच. परंतु संस्कृती मुळातच शुद्ध आणि अस्पर्श असते, या समजुतीला त्यातून दुजोरा मिळत नाही.

बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, पगार, घमेले हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. ते वगळून मराठी घरातला एक दिवसही बोलून होणार नाही. एखादी गोष्ट आपली ठरते ती तिच्या जन्मस्थानामुळे नव्हे, तर तिच्याशी जुळलेल्या वापरामुळे आणि स्मृतीमुळे. याच न्यायाने जन्माने आपली असलेली गोष्ट वापर थांबला की परकी होते. मॉरिशसमधील मराठीचा अनुभव हेच सांगतो आणि शहरांतील मराठी घरांनाही तो लागू आहे. एकादशीच्या दिवशी खिचडीत शेंगदाण्याचा कूट घालणाऱ्या हातांना हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. पण तो पुढे नेण्याचे काम तेच हात करीत असतात.