डब्यावरचे नाव आणि इंजिनाची गरज

साधे मिनरल ऑइल जुने आणि म्हणून डावे, सिंथेटिक नवे आणि म्हणून उजवे, या समजुतीला इंजिन ऑइलचा इतिहास फारसा दुजोरा देत नाही. कोणते वंगण सरस हे प्रत्येक काळात इंजिनाच्या रचनेने ठरवले. तेल विहिरीतून आले की कारखान्यात घडवले गेले, याने नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे उदाहरण घ्या. खनिज तेल तेव्हा सहज मिळत होते, तरी फिरत्या सिलिंडरांच्या रोटरी इंजिनांत एरंडेलच ओतले जाई. त्या इंजिनांत पेट्रोल आणि वंगण एकाच पोकळीत येत, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. तापून जुने झाले की एरंडेलाची चिकट राळ होते, हा त्याचा मोठा दोष. पण रोटरी इंजिनात तेल एकदाच फिरून बाहेर फेकले जाई, त्यामुळे तो दोष फारसा नडला नाही. तेच तेल पुन्हापुन्हा फिरवणारी इंजिने रूढ झाल्यावर मात्र एरंडेल मागे पडले.

सिंथेटिक तेलाचा जन्मही असाच अडचणीतून झाला. खनिज तेलापासून वंगणासाठी लागणारे रेणू हवे तसे जुळवता येतात, हे 1930 च्या सुमारास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले होते; पण स्वस्त खनिज तेल मुबलक असताना त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? जर्मनीकडे स्वतःचे तेल तुटपुंजे होते, आणि दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या थंडीत साधे तेल गोठू लागले. त्यामुळे तिथे एस्टर आणि इतर कृत्रिम वंगणांवर जोमाने काम झाले. पुढे जेट इंजिने आली. उंचावरची कडाक्याची थंडी आणि बेअरिंगची प्रचंड उष्णता या दोन्हींत टिकणारे तेल त्यांना हवे होते. ते काम एस्टरांनी केले. मोटारींसाठीची सिंथेटिक तेले बाजारात रुळली ती 1970 च्या दशकात, म्हणजे पुष्कळ नंतर.

ट्रकच्या डिझेल इंजिनांचा मोठा प्रश्न मात्र वेगळ्याच वाटेने सुटला. 1930 च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा काजळी आणि डिंकासारख्या थराने अडकून बसत. त्यावर उपाय ठरले ते साध्याच तेलात मिसळलेले डिटर्जंट. 1935 साली बाजारात आलेले ‘डेलो’ हे डिझेल इंजिनांचे तेल त्याच प्रयत्नांचे फळ. काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी ही मिश्रणे आजही ट्रकच्या तेलाचा कणा आहेत, मग मूळ तेल कोणतेही असो.

शिवाय दोन तेलांमधली सीमाही आता पुसट झाली आहे. खनिज तेलावर हायड्रोजनच्या साहाय्याने कडक प्रक्रिया करून बनवलेल्या, मूळ तेलांच्या वर्गवारीत तिसऱ्या गटात मोडणाऱ्या तेलाला कॅस्ट्रॉल ‘सिंथेटिक’ म्हणते, याला मोबिलने अमेरिकेत हरकत घेतली. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या उद्योगांच्या स्वनियमन मंडळाने 1999 मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून निव्वळ डब्यावरच्या नावावरून आत कोणत्या जातीचे मूळ तेल आहे, हे ग्राहकाला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, सिंथेटिक तेल उष्णतेत कमी सडते, थंडीत लवकर वाहते आणि जास्त टिकते, हे तर खरेच. खरेच आहे. टर्बोचार्जर असलेल्या, रोज लांब पल्ला मारणाऱ्या ट्रकमध्ये त्याचा उपयोग होतो, आणि ऑइल बदलण्यातले अंतर वाढले तर महागडी किंमत वसूलही होते. पण काजळी, धूळ आणि तेलात उतरणारे डिझेल यांना मूळ तेल रोखू शकत नाही, आणि डिटर्जंट संपला की कोणतेही तेल बदलावेच लागते. 1946 साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची मंदगती इंजिने विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत वर्षानुवर्षे साध्या तेलावर चालली. अशा अनेक छोट्या इंजिनांत तेलाचा फिल्टर नसतो. आत गेलेली घाण तेल बदलल्यावरच बाहेर पडते. तिथे महाग तेल दुप्पट काळ ठेवण्यापेक्षा स्वस्त तेल वेळेवर बदलणे शहाणपणाचे. उत्पादकाने सांगितलेला दाटपणा आणि दर्जा दोन्ही तेलांत मिळत असेल, तर उरतो तो हिशेबाचा प्रश्न: ट्रकसाठी दर किलोमीटरला किती खर्च, आणि पंपासाठी दर तासाला किती. तो हिशेब मांडल्यावर सिंथेटिक घ्यायचे ठरले तर खुशाल घ्यावे. निव्वळ नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.