खताचा साठा मोबाईलवर कसा पाहायचा?

घोरावाडीजवळच्या भातशेतीसाठी मी युरिया आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "संपला." खरं-खोटं कसं कळणार? मोबाईलवर!

युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना मिळते. बाकीचा खर्च केंद्र सरकार कंपनीला अनुदान म्हणून देतं. २०१८ पासून हे अनुदान पॉस मशीनवर विक्री नोंदल्यावरच मिळतं. म्हणून तर आपला अंगठा लागतो.

केंद्राच्या खत पोर्टलवर 'किसान कॉर्नर' उघडा, राज्य आणि जिल्हा निवडा. दुकानाचा दिवसाच्या सुरुवातीचा साठा दिसेल.

साठा दिसतोय, पण खत नाही? कदाचित विक्री मशीनवर नोंदलेली नसेल, किंवा माल आत असेल. स्क्रीनशॉट काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. आणि हो, पावती घेतल्याशिवाय गोणी उचलू नका!