इंधन-पंप आणि घरची दुरुस्ती : मुंबई-पुणे जुन्या मार्गाच्या आधारे एक विवेचन

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन बहुधा कारखाने, भांडवल आणि सरकारी धोरण यांच्या अंगाने झालेले आढळते. गाडी एकदा विकत घेतल्यानंतर ती चालू कोण ठेवतो, कोणत्या हत्यारांनी ठेवतो आणि कोणत्या ज्ञानाच्या बळावर ठेवतो, हा प्रश्न त्या लेखनात सहसा गौण ठरतो. वस्तुतः यंत्र आणि समाज यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यास हाच प्रश्न अधिक उद्बोधक होय. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार एकाच सुट्या भागाच्या, म्हणजे इंधन-पंपाच्या, आधारे केला आहे. निकामी झालेला पंप गाडीच्या मालकास घरच्या अंगणात बदलता येतो किंवा कसे, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर काळानुसार पालटत गेले आहे.

या विवेचनास खालापूर तालुक्यातील चौक हे गाव सोयीचे आहे. पनवेलहून खोपोलीकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर हे गाव असून कर्जतकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. पुढे खोपोलीनंतर बोरघाटाची चढण लागते आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढून जावी लागते. चाकाच्या वाहनांना योग्य असा घाटरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी कल्याण-कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. लोहमार्गाने चौक टाळल्यामुळे या रस्त्याचे महत्त्व ओसरले. ते परत आले मोटारीबरोबर. मैदानात सुरळीत चालणाऱ्या इंजिनाची खरी परीक्षा घाटात होत असल्यामुळे, इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचविण्याची व्यवस्था कशी बदलत गेली, हे या रस्त्याच्या संदर्भात स्पष्ट दिसते.

आरंभीच्या अनेक गाड्यांत पंप नव्हताच. टाकी उंचावर आणि कारबुरेटर खाली, अशी रचना असल्याने पेट्रोल स्वतःच्या भाराने वाहत असे. फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत टाकी आसनाखाली असे. तीव्र चढणीवर, विशेषतः पेट्रोल कमी असता, पुढील इंजिन टाकीच्या पातळीपेक्षा वर जाऊन पुरवठा तुटे. म्हणून चालक अशी चढण गाडी उलटी फिरवून, मागच्या गिअरमध्ये चढत. यानंतर टाकी गाडीच्या मागील बाजूस गेली आणि इंजिनाच्या शोषणशक्तीने पेट्रोल एका लहान पात्रात ओढून घेणारी निर्वात-पात्राची पद्धत आली. तिचा दोषही घाटातच उघड होई. चढणीवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असता इंजिनातील निर्वात कमी होतो आणि नेमके सर्वाधिक पेट्रोल हवे असतानाच पात्र रिकामे होऊ लागते. अशा वेळी पाय क्षणभर सैल करून पात्र पुन्हा भरू देणे, एवढाच चालकाच्या हाती उपाय असे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा यांत्रिक पंप प्रचारात आला. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवट्याने एक दांडी हलते, तिच्यामुळे लवचीक पडदा खाली ओढला जाऊन पेट्रोल आत येते, आणि स्प्रिंगच्या जोराने पडदा वर जाऊन ते कारबुरेटरकडे ढकलले जाते. आत आणि बाहेर जाण्याच्या वाटांवर एकेक झडप असते. मराठीत ‘पेट्रोल पंप’ या शब्दाने पेट्रोल विकण्याचे ठिकाण सूचित होत असल्यामुळे गाडीतील पंपास निराळे नाव आवश्यकच होते. मिस्त्री मंडळींत रूढ झालेले ‘ए. सी. पंप’ हे नाव ‘ए. सी.’ या अमेरिकन बनावटीवरून आले; ती अक्षरे अल्बर्ट शॅम्पियन या तिच्या संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरे होत. एका कंपनीचे नाव वस्तुमात्राचे सामान्यनाम व्हावे, यावरूनच या पंपाचा प्रसार लक्षात येतो.

या पंपाचे घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्व असे की तो इंजिनाच्या कडेला, उघड्यावर आणि हाताशी होता. तो बदलण्याची रीतही संक्षेपाने सांगता येते. इंजिन थंड होऊ द्यावयाचे, बॅटरीची तार सोडवावयाची, टाकीकडून येणारी नळी काढून तिचे तोंड बंद करावयाचे आणि दोन नट सोडून पंप बाहेर घ्यावयाचा. नवा पंप बसविताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागे. एक, पंप आणि इंजिन यांच्यामधील ठोकळा व पॅकिंग यांची जाडी मूळचीच असली पाहिजे; ती वाढल्यास दांडीची हालचाल अपुरी पडून पेट्रोल कमी येते, आणि घटल्यास पडद्यावर अवाजवी ताण पडतो. दुसरी, जुना पडदा फाटला असल्यास पेट्रोल इंजिनाच्या तेलात मिसळलेले असू शकते. तेव्हा तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास तेही बदलणे अवश्य असते. पुष्कळदा तर पंप बदलण्याचेही कारण नसे. पडदा व झडपा यांचा संच घालून तोच पुन्हा चालू करता येई. उन्हाळ्यात घाटात नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटल्यास पंपावर ओले फडके ठेवून तो थंड करणे, ही युक्तीही याच उघड्या रचनेमुळे शक्य होती.

तथापि केवळ यंत्राच्या साधेपणावरून घरच्या दुरुस्तीचा उलगडा होत नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला होता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात क्रमाक्रमाने संपूर्ण उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान उरले नाही. त्यामुळे मोजक्याच बनावटींच्या गाड्या दशकानुदशके रस्त्यावर राहिल्या. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून आलेली फियाट ११०० आणि तिचाच पुढील अवतार असलेली पद्मिनी हे त्याचे ठळक उदाहरण होय. ग्राहकास या धोरणाची किंमत द्यावी लागली : निवड नाही, सुधारणा नाही आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा. परंतु त्याच धोरणाचा एक अनुद्दिष्ट परिणाम असा झाला की एकाच यंत्राचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडत राहिले. वडिलांनी वापरलेला पाना मुलाच्या गाडीलाही लागू पडे. मोटार मुळात थोड्यांच्याच घरी असे आणि हात बहुधा मिस्त्रीचेच काळे होत, हे खरे. पण मिस्त्री काय करतो, हे मालकास शेजारी उभे राहून पाहता व समजून घेता येत असे.

१९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्येही प्रथम कारबुरेटर व यांत्रिक पंप हीच जोडी होती. खरे स्थित्यंतर घडले ते २००० च्या सुमारास. वाहनांच्या धुरावरील निर्बंध कडक झाले आणि कारबुरेटरच्या जागी संगणक-नियंत्रित इंधन-फवारणी आली. तिला सुमारे ३ बार, म्हणजे जुन्या पंपाच्या दहापट किंवा अधिक, दाब लागतो. त्यासाठी विजेचा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यात आला. तेथे तो पेट्रोलनेच थंड राहतो, आणि ओढण्याऐवजी ढकलत असल्यामुळे वाफेचा जुना अडथळाही बहुतांशी नाहीसा होतो. घाटाने विचारलेल्या जुन्या प्रश्नाचे हे समाधानकारक उत्तर होय, यात संशय नाही.

मात्र या उत्तराबरोबर पंप दृष्टीआड झाला. तो बदलण्यासाठी प्रथम नळ्यांतील दाब उतरवावा लागतो. अनेक गाड्यांत मागील आसन उचलून, टाकीच्या तोंडाचे कडे सोडवून संपूर्ण संच बाहेर घ्यावा लागतो आणि रबरी कडे नवे बसवावे लागते. उघडी टाकी व तिच्यातील वाफ यांमुळे घरातील एखादी ठिणगीही प्राणघातक ठरू शकते. शिवाय पंप खरोखरच गेला आहे, की फ्यूज, रिले किंवा तारेची जोडणी सदोष आहे, हे दाबमापकावाचून व तपासणीवाचून कळत नाही. पूर्वी कारबुरेटरकडील नळी बाटलीत सोडून, पेट्रोलची धार पाहून दोष ओळखता येई. आता निदान हेच दुरुस्तीहून अवघड झाले आहे.

रस्त्याचेही याच सुमारास स्थित्यंतर झाले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे मोटारींचा मोठा ओघ जुन्या रस्त्यावरून तिकडे वळला. द्रुतगती मार्गावर दुचाकींस बंदी असल्याने चौकवरून जाणारा जुना रस्ता हाच त्यांचा मार्ग राहिला. या दुचाकी पेट्रोलच्या भारावर चालणाऱ्या मूळ पद्धतीच्या शेवटच्या वारसदार होत्या : वर टाकी, मध्ये चावी, खाली कारबुरेटर. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर त्यांपैकी बहुतेक नव्या वाहनांतही फवारणी आणि टाकीतील पंप आला. अशा रीतीने जो वारसा मोटारीने वीस वर्षांपूर्वी सोडला होता, तो दुचाकीनेही सोडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली.

या इतिहासाचा निष्कर्ष जुन्या यंत्राच्या गौरवात शोधणे योग्य नव्हे. नवा पंप अधिक विश्वासार्ह आहे आणि त्यामागील स्वच्छ हवेचा हेतू निर्विवाद आहे. परंतु पंप इंजिनाच्या कडेवरून टाकीच्या तळाशी गेला, तेव्हा दुरुस्तीचे ज्ञानही अंगणातून अधिकृत कार्यशाळेत गेले, आणि हे दुसरे स्थलांतर पहिल्याचा अटळ परिणाम होते असे नाही. टाकीतील पंपही योग्य दक्षता घेतल्यास बदलता येतो. अडचण असते ती माहितीपुस्तिका, सुटा भाग आणि तपासणीचे साधन यांच्या उपलब्धतेची. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली आणि तिच्या विचारकक्षेत मोटार-उद्योगाचाही समावेश केला, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जी गोष्ट चौकसारख्या गावात एकेकाळी दोन नट आणि एक पाना यांवर अवलंबून होती, ती आता कायद्याच्या भाषेत मागावी लागत आहे. मालकीचा अर्थ केवळ वापर, की वस्तू चालू ठेवण्याचे सामर्थ्यही, हा प्रश्न त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकापुढे नव्याने उभा राहिला आहे.