गाळावर वसलेले पाखरांचे गाव

पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की नांदूर मधमेश्वर हे नाव हमखास दृष्टीस पडते. तेथून जायकवाडीकडे किती क्युसेक पाणी गेले, एवढ्यापुरताच आपला त्या गावाशी संबंध येतो. आकडा वाचून आपण पान उलटतो. परंतु निफाड तालुक्यातल्या ह्या बंधाऱ्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा एक इतिहास साठलेला आहे. माणसाच्या उपासमारीतून जन्मलेल्या पाण्यावर पाखरांचे गाव कसे वसले, त्याचा तो इतिहास होय.

त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून पूर्वेकडे निघते, तेव्हा ती एका वेगळ्याच प्रदेशात प्रवेश करते. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून काही कोसांवर असलेल्या निफाडच्या वाट्याला मात्र पाचशे-सहाशे मिलिमीटरच येतो. डोंगराने ढग अडवून धरायचे आणि पायथ्याच्या पलीकडल्या शेतकऱ्याने आभाळाकडे डोळे लावून बसायचे, हा पर्जन्यछायेचा न्याय नाशिक-नगरच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या भोगला आहे. ह्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, बागलाणात, मोसम आणि आरम ह्या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून गावकऱ्यांनी फड पद्धतीने पाणी वाटून घेतले होते. गोदावरीसारख्या मोठ्या नदीला आवर घालणे मात्र गावकीच्या आवाक्याबाहेरचे होते.

१८७६-७८ चा दुष्काळ, त्यामागोमाग १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, अशा तीन तडाख्यांनी दख्खन खिळखिळी झाली. चाऱ्यावाचून जनावरे मेली, माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, कित्येक घरे कायमची बंद झाली. आपल्या वाचकांपैकी नाशिक-नगरकडील अनेक कुटुंबांत त्या दिवसांच्या आठवणी आजी-आजोबांच्या तोंडून उतरत आल्या असतील. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत १९०१ साली कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ ह्यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला गेला. काही कालवे सरकारच्या तिजोरीत भर घालणार नाहीत, तरीही दुष्काळापासून संरक्षण म्हणून ते बांधलेच पाहिजेत, ह्या विचाराला त्याच्या अहवालाने बळ दिले. गोदावरीचे कालवे हे ह्या संरक्षक विचाराचे अपत्य होय.

योजना दोन भागांची होती. इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर मातीचे मोठे धरण बांधून पावसाळ्याचे पाणी साठवायचे. ते पाणी नदीच्याच पात्रातून खाली सोडायचे. आणि गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमापाशी, नांदूर मधमेश्वर येथे, दगडी बंधारा घालून ते उचलायचे व डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे. वरचे धरण म्हणजे कोठार आणि खालचा बंधारा म्हणजे त्या कोठाराचे माप, असे म्हणता येईल. बंधाऱ्याचे काम १९०७ साली सुरू झाले आणि पुढे काही वर्षांत पूर्ण झाले. दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले. ह्या कालव्यांच्या पाण्याने निफाड, येवला, सिन्नर, कोपरगाव, राहाता ह्या भागांचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि पुढे साखर कारखाने आले.

परंतु ज्या अभियंत्यांनी हा बंधारा बांधला, त्यांच्या हिशेबात पाखरे कोठेच नव्हती. त्यांच्या हिशेबात गाळ होता, आणि तोही शत्रू म्हणून. काळ्या मातीच्या मुलखातून येणारी नदी पुराच्या वेळी माती घेऊनच वाहते. पाणी अडले की त्याचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की वाहून आणलेले ओझे नदी तेथेच उतरवते. दोन नद्यांच्या संगमावर तर हे ओझे दुप्पट. वर्षांमागून वर्षे गेली तसा बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, साठवणीचा मोठा भाग त्याने व्यापला, पात्र उथळ झाले, मध्येच बेटे वर आली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हे सरळसरळ नुकसान होते.

त्या नुकसानीवरच एक नवी वस्ती उभी राहिली. उथळ पाण्याच्या तळापर्यंत ऊन पोहोचते, म्हणून तेथे पाणवनस्पती वाढतात. काठावर पाणकणीस आणि लव्हाळी दाटतात. त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी, मासे ह्यांची पैदास होते. कालव्याला आवर्तन सुटले की पाण्याची पातळी उतरते आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. लांब पायांच्या शेकाट्यासारख्या पक्ष्यांना ती जणू मांडलेली पंगतच. खोल धरणात हे घडत नाही. तेथे पाणी पुष्कळ असते, पण बदकाची चोच तळाला पोहोचत नाही.

हिवाळ्यात निफाडचा पारा महाराष्ट्रात नीचांकावर उतरल्याच्या बातम्या येतात, त्याच सुमारास येथे पाहुण्यांची गर्दी झालेली असते. मध्य आशियातून आणि त्याहून उत्तरेकडून तलवार बदके, थापट्या, गढवाल येतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. जुन्या काव्यांतून आपल्याला ठाऊक असलेले चक्रवाक येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा ल्यालेला एक पाणपक्षी येथे थव्यांनी दिसतो. मराठी माणसाने त्याला ‘वारकरी’ हे नाव दिले आहे. चमचे, क्रौंच, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कधीमधी रोहितही ह्या मेळ्यात असतात.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली ह्यांनी ही जागा पाहिली तेव्हा ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ अशी तिची वाखाणणी केली. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पुढे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नांदूर मधमेश्वरची नोंद झाली. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेला हा मान मिळवणारी ती महाराष्ट्रातली पहिली जागा. यादीत नोंदवलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर असून तेथील सजीवांच्या ५३६ जाती त्यात नमूद आहेत.

भरतपूरची उपमा गौरवाची खरी, पण तिच्यात एक इशाराही दडलेला आहे. राजस्थानातले ते सरोवरही निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकात राजा सूरजमल ह्याने बांधलेल्या अजान बांध नावाच्या मातीच्या बांधातून त्याला पाणी मिळत आले आहे. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले. म्हशी हटल्या म्हणजे पाखरांचे भले होईल, अशी समजूत होती. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून निराळेच दिसून आले: चरणारी जनावरे गेल्यावर गवत बेसुमार माजले, त्याने उथळ पाणी व्यापले आणि पाखरांचीच जागा आखडली. माणसाला आणि त्याच्या गुराढोरांना शत्रू ठरवून घातलेली बंदी पाखरांच्याही मुळावर आली.

म्हणूनच नांदूर मधमेश्वरकडे पाहताना ‘मानव की पाखरे’ असा प्रश्न मांडणे मला चुकीचे वाटते. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ह्या काठच्या गावांनी हे पाणी आपल्या शेतापाशी नांदवले आहे. द्राक्षे, कांदा, ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला साठवण हवी, म्हणून गाळ काढावा असे त्याला वाटते. गाळ सरसकट काढला तर पाखरांचे अंगणच नाहीसे होते. आणि तो तसाच साचू दिला तर एक दिवस पाणीही उरणार नाही, मग पाखरे तरी कोठली? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. कोठे काढावा, किती काढावा, कोणती बेटे राखावीत, हे ठरवण्यासाठी दोघांना एका पंगतीला बसावे लागेल.

खरा धोका निराळ्याच दिशेने येत आहे. वरच्या शहराचे सांडपाणी नदीबरोबर खाली उतरते. त्या पाण्यावर जलपर्णी पोसली जाते आणि तिच्या हिरव्या गालिच्याखाली ऊन व हवा दोन्ही अडतात. रामसरच्या नोंदीतही जलपर्णी, सांडपाणी, पाण्याचा उपसा आणि वाढते शहरीकरण ही संकटे स्पष्ट लिहिलेली आहेत. हा दोष चापडगावच्या कोळ्याचा नव्हे किंवा मांजरगावच्या गुराख्याचाही नव्हे. तो नळ उघडून पाणी वापरणाऱ्या आणि ते पुढे कोठे जाते ह्याचा कधी विचार न करणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे.

दुष्काळात पोळलेल्या पिढीसाठी हा बंधारा बांधला गेला. त्याच्या उथळ पाण्यावर दूरदेशीच्या पाखरांना आसरा मिळेल, हे त्या कामावर घाम गाळणाऱ्या मजुरांच्या स्वप्नातही नसेल. येत्या हिवाळ्यात मुलांना घेऊन एकदा चापडगावच्या मनोऱ्यावर अवश्य जावे. सूर्य उगवण्याच्या सुमारास पोहोचावे, मोठ्याने बोलू नये. आणि पुढल्या पावसाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या क्युसेकचा आकडा छापून आला की त्या पाण्यात आपल्या घरचेही पाणी मिसळलेले आहे, ह्याची मुलांना आठवण करून द्यावी.