परभणी जिल्ह्यातील कापूस वेचणी व मजुरीतील स्त्री-पुरुष तफावत

परभणी जिल्ह्यातील सेलू, मानवत, जिंतूर आदी तालुक्यांत कापूस हे खरिपाचे महत्त्वाचे नगदी पीक आहे. त्यातील निंदणी व वेचणी बहुतांशी स्त्रिया करतात. नांगरणी, फवारणी ही कामे पुरुषांकडे असतात. पुरुषांची रोजंदारी सामान्यतः जास्त असते. वेचणीची मजुरी मात्र वेचलेल्या कापसाच्या किलोवर ठरते.

राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. १९९१ चे आर्थिक उदारीकरण, १९९५ मध्ये स्थापन झालेली जागतिक व्यापार संघटना आणि पुढे एकाधिकाराचा शेवट यांमुळे कापसाचा भाव जागतिक बाजाराशी अधिक जोडला गेला. स्पर्धा वाढली की भेदभाव मालकास परवडत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये मांडले होते. त्यासाठी एकाच कामावर स्त्री व पुरुष दोघेही पर्याय म्हणून उभे असावे लागतात. वेचणीत तसे क्वचितच घडते. समान मोबदल्याचा १९७६ चा कायदाही येथे तोकडा पडला, कारण तुलनेला पुरुष मजूरच नसे.

२००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. उत्पादन वाढले तेथे वेचणीचे दिवस वाढले, तर तणनाशकांनी निंदणीचे दिवस घटवले. दराचा प्रश्न निराळाच. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ असतात. दिवसभर वाकूनही ओटीत थोडाच कापूस पडतो, त्यामुळे किलोचा दर वाढला तरी दिवसाची कमाई वाढतेच असे नाही. याउलट राज्याच्या रोजगार हमी योजनेत स्त्री-पुरुषांना एकच दर लागू होता.