नागासाकीची आशा : सात पिढ्यांची प्रतीक्षा

ख्रिस्ती धर्मविचारात विश्वास, आशा आणि प्रीती या तीन सद्गुणांना एकत्र स्थान आहे. त्यांपैकी विश्वास आणि प्रीती यांवर प्रवचने भरपूर होतात. आशेच्या वाट्याला मात्र बहुधा सांत्वनापुरता उल्लेख येतो. उद्या बरे दिवस येतील असा दिलासा म्हणजे आशा, असा सर्वसाधारण समज आहे. धर्मशास्त्राला अभिप्रेत असलेली आशा याहून निराळी आहे. ती परिस्थितीच्या अनुमानावर नव्हे, तर ईश्वराने दिलेल्या वचनावर उभी असते. रोममधील भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तिचे चिन्ह म्हणून जहाजाचा नांगर कोरला, तो याच अर्थाने. परंतु वचन पूर्ण होण्याचे कोणतेही लक्षण दिसत नसताना माणसे नेमके काय करतात? जपानमधील नागासाकी परिसराच्या इतिहासात या प्रश्नाचे एक अत्यंत तपशीलवार उत्तर सापडते आणि त्या इतिहासाच्या आरंभी गोव्याची व वसईचीही नावे आहेत.

जुन्या गोव्यात ज्यांचे पार्थिव जतन केलेले आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. पुढील सहा-सात दशकांत जपानी ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेल्याचे अभ्यासक मानतात. मात्र परकीय धर्माच्या आडून परकीय सत्ता येईल, ही धास्ती राज्यकर्त्यांच्या मनात वाढत गेली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीतील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांचे हे अपत्य. तरुणपणी जपानमध्ये व्यापार केलेला असल्याने त्यांना जपानी भाषा उत्तम अवगत होती. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. त्यानंतरच्या छळाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. तो क्रूर होता एवढे पुरे. १६४४ च्या सुमारास अखेरचा धर्मगुरू मारला गेला आणि त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ श्रद्धावंतांमध्ये वावरणारा एकही धर्मगुरू जपानमध्ये उरला नाही. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीने होऊ लागली. पाच-पाच घरांचे गट पाडून एकाच्या अपराधाला सर्वांना जबाबदार धरले गेले. ख्रिस्ती व्यक्तीची खबर देणाऱ्यास इनाम, अशा पाट्या गावोगावी लागल्या. नागासाकी भागात दरवर्षी येशू किंवा मारिया यांची प्रतिमा जमिनीवर ठेवून ती पायाने तुडवण्यास लोकांना भाग पाडले जाई. या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत. नकार देणाऱ्याचे काय होणार, हे सांगण्याची गरज नव्हती.

अशा काळात उराकामी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी आणि आसपासच्या बेटांवरील कोळ्यांनी धर्म टिकवला. येथे शस्त्रे नव्हती, ग्रंथालये नव्हती, मठ नव्हते. होती ती कामांची वाटणी. गावात एकाकडे प्रार्थना आणि सणांचे कॅलेंडर सांभाळण्याचे काम असे. त्याला ‘चोकाता’ म्हणत. दुसरा ‘मिझुकाता’, म्हणजे बाप्तिस्मा देणारा. तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. ‘ओराशो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थना लॅटिन, पोर्तुगीज व जपानी शब्दांच्या मिश्रणातून तोंडी चालत आल्या. कालांतराने त्यांतील कित्येक शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यालाही उमगेनासा झाला, तरी पाठ सुटला नाही. कान्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या मूर्तीत मारियामाता पाहिली गेली.

या व्यवस्थेमागे धर्मशास्त्राची जाण होती, हे विशेष. कॅथलिक परंपरेनुसार निकडीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. म्हणून मिझुकाताचे पद टिकले. पापनिवेदनासाठी मात्र धर्मगुरू लागतो. तो नसेल तेव्हा केवळ ईश्वरावरील प्रेमापोटी मनापासून केलेला पश्चात्ताप पुरेसा ठरतो. अट एकच : पुढे धर्मगुरू भेटताच पापनिवेदन करीन, असा संकल्प त्यात हवा. या शिकवणीची एक छोटी पुस्तिका छळ वाढण्यापूर्वीच तयार झाली होती आणि तिच्या हस्तलिखित नकला गुप्तपणे फिरत राहिल्या. प्रतिमा तुडवून घरी परतलेली माणसे ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. म्हणजे पराभवाच्या त्याच रात्री, कधीही न पाहिलेल्या धर्मगुरूला भेटण्याचा संकल्प पुन्हा उच्चारला जाई. प्रतीक्षा अशी प्रार्थनेतच विणली गेली होती. त्यांच्या आशेचे मर्म निश्चित येथे आहे. त्यांच्या धैर्याची वर्णने वाचताना ते बहुधा नजरेआड होते.

बास्तियान नावाच्या एका धर्मशिक्षकाने मृत्यूपूर्वी सांगितलेले भाकीतही परंपरेने जपले. सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून धर्मगुरू येतील आणि ख्रिस्ती गीते उघडपणे गाता येतील, असा त्याचा आशय. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही तो दिवस दिसणार नव्हता, हे त्या भाकितातच स्पष्ट होते. तरीही ते मुलांना सांगितले गेले.

जपानची बंदरे परकीयांना खुली झाल्यावर फ्रेंच मिशनरींनी नागासाकीत ओउरा येथे आपल्या देशबांधवांसाठी चर्च उभारले. १८६२ मध्ये संतपद मिळालेल्या २६ हुतात्म्यांना ते अर्पण केले होते. अर्थात त्यांत वसईचे गोन्सालो गार्सियाही आले. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामीचे दहा-पंधरा ग्रामस्थ चर्चच्या दाराशी आले. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता एक स्त्री जवळ आली. आपले व त्यांचे हृदय एकच आहे, असे तिने हलक्या आवाजात सांगितले आणि मारियामातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मूर्तीसमोर उभे राहिल्यावर त्या लोकांनी सध्या आपला दुःखाचा काळ, म्हणजे उपवासकाळ चालू असल्याचे सांगितले. तो खरोखरच उपवासकाळ होता. दोन शतके कोणाचेही मार्गदर्शन नसताना चोकातांनी राखलेले कॅलेंडर चुकले नव्हते.

मात्र कथा येथे सुखान्त होत नाही. बंदी अजून कायम होती. १८६७ मध्ये अटकसत्र सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत उराकामीच्या सुमारे ३,४०० ख्रिस्ती लोकांना देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले. उपासमार, थंडी व छळ यांमुळे त्यांतील सहाशेहून अधिक जण दगावले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दबावामुळे १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. परतलेले लोक या हद्दपारीला ‘ताबी’, म्हणजे प्रवास म्हणत. ज्या गावप्रमुखाच्या आवारात प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा विकत घेऊन त्यांनी १८९५ मध्ये भव्य चर्चचे बांधकाम आरंभले. ते १९१४ साली पूर्ण झाले आणि दोन मनोरे १९२५ मध्ये चढले.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गुप्त ख्रिस्ती समाजातील बऱ्याच कुटुंबांनी बंदी उठल्यावरही नव्या चर्चमध्ये प्रवेश केला नाही. पूर्वजांनी जसे जपले तसेच आम्ही जपू, अशी त्यांची भूमिका होती. ज्याची वाट पाहिली तो दारात आल्यावर त्याला ओळखणे सर्वांना सारखेच सोपे नसते. इकित्सुकी बेटावर ही परंपरा थोड्या घरांत तग धरून राहिली, पण पुढची पिढी फारशी सामील न झाल्याने ती क्षीण होत गेली. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसरातील १२ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्बचा स्फोट झाला, तो या उराकामी चर्चपासून साधारण ५०० मीटरवर. आत पापनिवेदन चालू होते. परिसरातील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० जण मृत्युमुखी पडले. क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. ताकाशी नागाई यांच्या पत्नी मिदोरी चोकातांच्या वंशातील होत्या. घराच्या राखेत नागाईंना त्यांच्या अस्थी आणि जपमाळेचे अवशेष मिळाले. स्वतः नागाई रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. दोन चटयांएवढ्या झोपडीत अंथरुणावर पडून त्यांनी लेखन केले आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

नोव्हेंबर १९४५ मधील शोकसभेत नागाईंनी या मृतांना युद्धसमाप्तीसाठी अर्पण झालेले होमबली म्हटले. शोकाकुलांना त्याने धीर दिला, तथापि पुढे त्यावर कठोर टीकाही झाली. बॉम्ब टाकणाऱ्यांची आणि युद्ध पुकारणाऱ्यांची जबाबदारी अशाने पुसली जाते, हा आक्षेप रास्त आहे. १९८१ मध्ये जपानला आलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी युद्ध हे माणसाचेच कृत्य असल्याचे सांगितले. वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या अनेक कॅथलिक बॉम्बपीडितांना त्यानंतर बोलण्याचे बळ मिळाले. आशेसाठी संकटाला ईश्वरी योजना ठरवावेच लागते असे नाही, हे नागासाकीच्या श्रद्धावंतांना तेव्हा नव्याने उमगले.

चर्चच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली होती. १९४५ च्या नाताळात तिवईसारख्या लाकडी आधाराला टांगून ती वाजवण्यात आली. चर्च १९५९ मध्ये पुन्हा उभे राहिले, पण दुसऱ्या मनोऱ्यात घंटा नव्हती. २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅथलिकांनी देणग्या जमवून ती दिली आणि तिला आशेची घंटा असे नाव ठेवले. त्या वर्षी ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी, ८० वर्षांनंतर प्रथमच, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.